पन्नास मीटर प्रोन : एक बॅरल, सहा लॉट आणि खाली-वर जाणारे नऊ

लांब पल्ल्याच्या सेंटरफायर (काडतूस तळाच्या मध्यावर पेटवणाऱ्या) रायफलचा नेमबाज आपलं काडतूस स्वतः भरतो. पितळी केस म्हणजे काडतुसाचं कवच निवडतो, प्रायमर (पेट देणारी टोपी) बदलून बघतो, पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, गोळी किती खोल बसवायची ते मिलिमीटरच्या शतांशात ठरवतो आणि आपल्या बॅरलला, म्हणजे नळीला, मानवेल असा लोड घडवत नेतो. (भारतात हे काम परवान्याशिवाय करता येत नाही, शस्त्र कायदा तिथे स्पष्ट आहे.) पॉइंट टू टूच्या (.२२ रिमफायर रायफलच्या) नेमबाजाला ही वाटच नाही. रिमफायर काडतुसात पेट घेणारं मिश्रण केसच्या तळाच्या पोकळ कडेत फिरवून बसवलेलं असतं. फायरिंग पिन ती कड चेपते तेव्हा ते पेटतं, आणि चेपलेली कड पुन्हा भरण्याजोगी उरत नाही. कारखान्याने भरलेल्या लॉटांमधून (एका खेपेत भरलेली काडतुसं म्हणजे एक लॉट) आपल्या बॅरलचा लॉट शोधणं, एवढंच त्याच्या हातात असतं. शोधण्याची ही रीत मात्र लोड घडवण्याइतकीच काटेकोर आहे. फसायच्या जागाही त्याच.

हे प्रकरण ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराचं आहे. रेंजवर वारंवार दिसणाऱ्या परिस्थितीवरून ते मांडलं आहे. लॉटांचे आकडे हिशेब उलगडून दाखवण्यासाठी बसवलेले आहेत, गणित खरं आहे.

तक्रार काय होती

नेमबाज अनुभवी, रायफल चांगल्या मॅच दर्जाची, बॅरल अजून उमेदीतलं. साठ शॉट्सची प्रोन दशांश गुणांत ६०९-६१० वर अडकलेली. वारा पडलेला असतानाही दहा शॉट्सच्या दर मालिकेत दोन-तीन नऊ, आणि त्यातले बरेचसे घड्याळातल्या बाराच्या किंवा सहाच्या दिशेला, म्हणजे वर किंवा खाली. डावी-उजवी बाजू त्यामानाने स्वच्छ. कोचने श्वास, स्लिंगचा (हाताला बांधायच्या पट्ट्याचा) ताण, गालाचा दाब हे सगळं तपासलं. काही हाती लागलं नाही.

वापरात असलेला लॉट (याला घ म्हणू) वर्षाच्या सुरुवातीला निवडलेला होता, तोही एका ग्रुपवरून, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या भोकांच्या पुंजक्यावरून. दहा शॉट्सचा, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत १४.८ मिलिमीटरचा तो ग्रुप बघून सगळ्यांनी मान डोलावली आणि पेट्या घेतल्या. तो कागद फाइलमध्ये जपून ठेवलेला होता. पुढचा सगळा घोळ त्या कागदातून आला.

नऊ पडायला किती अंतर लागतं

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, पुढचं प्रत्येक कडं ८ मिलिमीटर रुंद. गोळीचा व्यास ५.६. भोकाची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून शॉटचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा. दशांशात मोजताना दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो : ०.८ पर्यंत १०.९, १.६ पर्यंत १०.८, असं करत ८.० ला १०.०.

आता वेगाचं बघू. मॅच दर्जाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, आणि नळीबाहेर पडतानाचा तिचा वेग सेकंदाला ३२७-३३० मीटरच्या आसपास. पन्नास मीटर कापायला तिला साधारण ०.१५८ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे १२२ मिलिमीटर खाली येते. वेग सेकंदाला एक मीटरने घटला की ती आणखी पाऊण मिलिमीटर खाली लागते. जवळजवळ एक दशांश. दोन राउंडच्या वेगात दहा मीटरचा फरक असेल, तर नेमबाजाने काहीही चूक न करता दोन भोकांमध्ये साडेसात मिलिमीटरचं उभं अंतर पडतं.

उभ्या नऊंचा पहिला संशय काडतुसावर जातो तो यामुळे. पण लगेच नवा लॉट मागवायला धावू नये. आधी रायफल निर्दोष आहे याची खात्री करावी.

रायफलची तपासणी

ॲक्शनचे (राउंड भरून झाडणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू टॉर्क पान्याने, निर्मात्याने दिलेल्या आकड्यावर आवळले. मागच्या साइटमधली ढिलाई बोटाने दाबून पाहिली. झाडलेल्या वीस केसच्या कडेवर फायरिंग पिनचा खड्डा सारखा उमटतोय का ते भिंगातून पाहिलं. उथळ किंवा कमी-जास्त खड्डा म्हणजे पेट कमी-जास्त, आणि तोही उभा फैलावच देतो. हे सगळं ठीक निघालं.

चेंबरच्या, म्हणजे राउंड बसतो त्या खोबणीच्या, तोंडाशी मात्र कार्बनचं कडं सापडलं. केसचं तोंड जिथे संपतं त्याच्या लगेच पुढे हे साठतं, काचेसारखं कडक होतं आणि साध्या पॅचने (पुसायच्या कापडाच्या तुकड्याने) निघत नाही. बोअर गाइड लावून मागूनच सॉल्व्हंटचा ओला पॅच तिथपर्यंत नेला, दहा मिनिटं मुरू दिलं, ब्राँझ ब्रशने त्या एक-दीड इंचातच काम केलं, कोरडे पॅच पांढरे येईपर्यंत फिरवले. त्यानंतर घ लॉटचे नऊ थोडे कमी झाले, गेले नाहीत. कार्बन हा दोषाचा एक हिस्सा होता. साफ न करता लॉट तपासले असते तर सगळेच लॉट वाईट दिसले असते आणि पुन्हा चुकीची निवड झाली असती.

चाचणी कशी लावली

खांद्यावरून लॉट तपासू नये. नेमबाजाचा स्वतःचा फैलाव लॉटच्या फैलावापेक्षा मोठा असतो, त्याच्याआड लॉट दिसत नाही. कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात धरून बंदिस्त रेंजवर मारतात. काडतूस बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एलीची सोय इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ आहे, लापुआची जर्मनीत शोनेबेकला. तिथे जाता येत असेल तर जावंच, कारण जो लॉट चांगला निघेल तो तिथल्या तिथे राखून ठेवता येतो. इथे शिकंजा नव्हता. पुढे-मागे घट्ट वाळूच्या पिशव्या, रायफलवर दुर्बीण, इलेक्ट्रॉनिक लक्ष्य, आणि सकाळी वारा उठण्याआधीचे दोन तास, एवढ्यावर काम केलं.

उघड्या रेंजवर एक पथ्य पाळावं लागतं. आडवा वारा सेकंदाला एकच मीटर असला तरी गोळी साधारण ५ मिलिमीटर सरकते. त्यामुळे आडवा फैलाव वाऱ्याने मळलेला असतो. उभा फैलाव बराच प्रामाणिक असतो. आकडे वाचताना उभ्याला जास्त वजन दिलं.

सहा लॉट होते, क ते छ, तीन निर्मात्यांचे. लॉट बदलताना पहिले पंधरा शॉट हिशेबात धरले नाहीत. प्रत्येक निर्मात्याचं मेणाचं वंगण वेगळं; जुन्या मेणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत ग्रुप हळूहळू सरकत असतो, हे लक्ष्याच्या पडद्यावर डोळ्यांना दिसतं. कोणी दर दहा शॉटला लॉट आलटूनपालटून मारतात. वंगण वेगळं असेल तर त्या पद्धतीत दहाही शॉट बिघडलेलेच मिळतात. इथे प्रत्येक लॉट सलग मारला आणि शेवटी क चे पंचवीस पुन्हा मारून पंधरा सोडले, दहा धरले, सकाळभरात उजेड-तापमानामुळे काही सरकलं का ते कळावं म्हणून.

वेग मोजायचं यंत्र बाजूला तिपाईवर ठेवलं. बॅरलला टांगायचं यंत्र या कामाला घेऊ नये. त्याच्या वजनाने नळीची थरथर बदलते आणि मोजलं जातं ते वेगळंच बॅरल.

ग्रुपची रुंदी का सोडली

बहुतेकांना ग्रुप म्हणजे सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. दहा शॉट मारून त्यातले दोन मोजायचे आणि आठ टाकून द्यायचे, असा तो प्रकार. शिवाय शॉट वाढले की हे अंतर आपोआप वाढतं. एका दिशेचं प्रमाण विचलन (शॉट मध्यापासून साधारण किती पसरतात त्याचं माप) सिग्मा धरलं, तर तीन शॉटचा ग्रुप सरासरी २.४ सिग्मा येतो, पाच शॉटचा ३.१, दहा शॉटचा ३.८. तीन शॉटचा ‘झकास’ ग्रुप आणि दहा शॉटचा ‘बरा’ ग्रुप एकाच लॉटचे असू शकतात. सेंटरफायर लोड घडवणारे तीन-तीन शॉट मारून पावडरीच्या एका वजनावर ‘जागा सापडली’ म्हणतात, तिथेही हीच ठेच लागते.

म्हणून मध्यत्रिज्या घेतली : ग्रुपचं केंद्र काढायचं, प्रत्येक शॉटचं त्यापासूनचं अंतर मोजायचं, त्यांची सरासरी करायची. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे देतंच, बाकी काम स्प्रेडशीट करतं. दहा शॉटच्या मध्यत्रिज्येत निव्वळ नशिबाने १६-१७ टक्के इकडेतिकडे होतं, वीसला १२, चाळीसला ८.

पहिली फेरी प्रत्येकी वीस शॉटची. इथे विजेता निवडायचा नसतो, उघड वाईट तेवढे काढायचे. सर्वोत्तम लॉटच्या दीडपट किंवा जास्त मध्यत्रिज्या असेल तोच बाद, हा नियम मारण्याआधी ठरवून कागदावर लिहिला. आकडे बघून नियम ठरवला की मन आपल्या आवडत्या लॉटला वाट करून देतं. क २.५ आला, च ४.३ आणि छ ४.६, ते गेले. घ तुलनेसाठी ठेवला.

दुसऱ्या फेरीत उरलेल्या चार लॉटांचे प्रत्येकी चाळीस. मध्यत्रिज्या अशा आल्या : क २.६ मिलिमीटर, ख २.७, ग ३.२, घ ३.९.

घ चा फैलाव उघडून पाहिला तर आडवा सिग्मा २.४ आणि उभा ३.७. दोहोंच्या वर्गांतला फरक काढून वर्गमूळ घेतलं की २.८ मिलिमीटर उरतात, तेवढा उभा फैलाव जास्तीचा. त्याला पाऊणने भागलं की सेकंदाला पावणेचार मीटर. यंत्रावर घ च्या वेगाचं प्रमाण विचलन ३.८ मीटर आलेलं होतं. लक्ष्य आणि यंत्र, दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली. क मध्ये आडवा १.८, उभा २.३, त्याच हिशेबाने १.९ मीटर निघतात आणि यंत्राचा आकडाही तोच. हा ताळा जुळला की खुशाल पुढे जावं. जुळला नाही तर लॉटला दोष न देता पिशव्या, दुर्बिणीचा माउंट किंवा फायरिंग पिन पुन्हा तपासावी.

तो १४.८ चा कागद

मग तो सुंदर ग्रुप आला कुठून? घ चा सिग्मा सुमारे ३.१. दहा शॉटचा सरासरी ग्रुप केंद्रापासून केंद्रापर्यंत ११.८, भोकाचा व्यास मिळवून कडेपासून कडेपर्यंत १७.४. पण दहाच्या ग्रुपची रुंदी नशिबाने वीसेक टक्के कमी-जास्त होते, म्हणजे दोन-सव्वादोन मिलिमीटर. चार-पाच ग्रुप मारले की त्यात एखादा १४.८ चा पडणं अगदी साधं आहे. उलट क चा सिग्मा २.१, सरासरी ग्रुप कडेपासून कडेपर्यंत १३.५, आणि त्याच्या चार ग्रुपांतला वाईट १५.३ चा निघाला. चांगल्या लॉटचा वाईट कागद आणि वाईट लॉटचा चांगला कागद शेजारी ठेवले, तर दहापैकी दहा माणसं वाईट लॉट उचलतील. वर्षाच्या सुरुवातीला तेच झालं होतं.

याची किंमत गुणांत किती

शिकंज्यातलं बॅरल घ लॉटने मारलं तरी साठांत दोन-तीन नऊ पडणारच. क ने हजार-दीड हजारांत एखादा. पण रायफल माणूस धरतो, म्हणून त्याचा फैलाव मिळवून बघायला हवा. नेमबाजाची स्वतःची मध्यत्रिज्या ५ मिलिमीटर धरली, तर दोन्ही फैलाव वर्गांच्या बेरजेने जुळतात. क बरोबर एकूण ५.६, घ बरोबर ६.३. दशांश गुणांत साठ शॉटला ६१४.७ आणि ६०९.४. त्याच माणसाचे, त्याच दिवशीचे पाच गुण. नऊ सतराच्या जागी बारा.

पाच गुण म्हणजे काय हे कळायला पॅरिसकडे बघावं. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या) पात्रता फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५९० गुण केले आणि तो सातवा आला; ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ वर अकरावा राहिला, फायनलच्या बाहेर. तिथे पूर्ण गुण मोजतात, दशांश नाही. एका गुणाच्या अलीकडे-पलीकडे दोघे होते, आणि अलीकडच्याने फायनलमध्ये ४५१.४ मारून ब्राँझ आणलं. या पातळीवर लॉट निवडणं हा सरावाचाच भाग आहे.

हाच हिशेब क आणि ख ला लावला तर साठ शॉटला फरक ०.३ गुणांचा. त्याच्यामागे आणखी राउंड जाळण्यात अर्थ नाही. ग आणि ख मधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक खरा असण्याची शक्यता जास्त, खात्री नाही. चाळीस शॉट तेवढंच सांगू शकतात.

दुसरा दिवस आणि निवड

पहिल्या दिवशीचा विजेता दुसऱ्या दिवशी थोडा वाईट दिसतोच, कारण जिंकण्यात नशिबाचा वाटा असतो. म्हणून आठवड्याने क आणि ख पुन्हा चाळीस-चाळीस मारले. क २.८ आला, ख २.६. ऐंशी शॉट एकत्र धरले तर २.७ आणि २.६५. दोघे सारखेच मानायचे.

निवड मग साठ्याने केली. क च्या दोनच ब्रिक उरल्या होत्या, एक हजार राउंड. ख पुरेसा होता. हंगामात बारा स्पर्धा, प्रत्येकी साइटिंग (गुण न मोजले जाणारे सुरुवातीचे शॉट) धरून ८० राउंड म्हणजे ९६०; प्रत्येक स्पर्धेआधी तीन दिवस १२० प्रमाणे म्हणजे ४,३२०. एकूण ५,२८०. पाच हजारांची एक पेटी आणि पाचशेची एक ब्रिक, असे ख चे साडेपाच हजार एकदम घेतले. परवान्याचा कोटा आणि आयातीचा वेळ बघता हंगामाच्या मध्यात तोच लॉट पुन्हा मिळेल ही आशा धरू नये. रोजच्या सरावाला ग घेतला. तो आणि ख एकाच निर्मात्याचे, त्यामुळे बॅरलमधलं मेण बदलत नाही.

या सगळ्याला राउंड किती लागले? पहिली फेरी सहा लॉट गुणिले पस्तीस, २१०. दुसरी चार गुणिले पंचावन्न, २२०, वर क चे पंचवीस. तिसरी ११०. एकूण ५६५, म्हणजे पन्नासच्या अकरा डब्या आणि वर पंधरा. घ च्या चुकीच्या साठ्यापुढे हा खर्च काहीच नाही.

काही जण यापेक्षा घरी बसून राउंड तोलतात, कडेची जाडी मोजून गट करतात. स्वस्त काडतुसात त्याने काही विचित्र राउंड बाजूला निघतात. मॅच दर्जात मात्र हाती फारसं लागत नाही : आतली पावडर ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, आणि तिच्यातला फरक पितळ आणि शिशाच्या वजनातल्या फरकाखाली बुडून जातो.

दुसऱ्याचा लॉट उसना घेऊनही काम होत नाही. क-ख या बॅरलला चालले म्हणून शेजारच्या लेनवरच्या, त्याच मॉडेलच्या बॅरलला चालतील असं नाही. चेंबरचा घसा, नळीचा अगदी बारीक फरकाचा व्यास, कड बसण्याची जागा आणि नळीच्या तोंडाची थरथर प्रत्येकाची वेगळी असते.

वापरताना

ख चा सरासरी वेग घ पेक्षा सेकंदाला ४ मीटरने कमी होता, म्हणून साइट ३ मिलिमीटर वर घ्यावी लागली. हे पहिल्याच सरावात टिपून ठेवलं. डबी उन्हात ठेवायची नाही. मेण मऊ झालं की त्याला रेतीचा कण चिकटतो आणि तो थेट बॅरलमध्ये जातो. वारा थांबायची वाट बघताना तापलेल्या चेंबरमध्ये राउंड मिनिटभर राहिला, तर तो काढून दुसरा घालावा. पावसाळ्यात पेटी हवाबंद डब्यात, आत सिलिका जेल.

ख च्या दोन डब्या, म्हणजे शंभर राउंड, सील करून, तारीख आणि ‘२.६५ / ८० शॉट’ असं लिहून बाजूला ठेवल्या. गुण पुन्हा घसरले की आधी चेंबर साफ करायचं आणि मग पिशवीवरून यातले पंधरा सोडून चाळीस मारायचे. आकडा २.७ च्या आसपास आला तर बॅरल आणि लॉट ठीक आहेत, कोचने पुन्हा पोझिशनकडे बघावं. साडेतीनच्या पुढे गेला तर स्क्रू, फायरिंग पिन आणि बॅरल, याच क्रमाने.